चित्रशाळेतील सीता

रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात कालिदासाने आठवणीविषयीचा एक मोठा सिद्धांत एका श्लोकात, जणू जाता जाता, सांगून टाकला आहे. वनवास संपला आहे, राज्याभिषेक झाला आहे. राजवाड्याच्या दालनांत गत आयुष्यातील प्रसंग चितारलेले आहेत. आणि त्या दालनांत वावरणाऱ्या रामसीतांस दंडकारण्यात भोगलेली दुःखे आठवू लागली म्हणजे त्यांचीही सुखेच होतात, असे कवी म्हणतो. एवढे सांगून तो पुढील कथेकडे वळतो. या विधानास पुष्टी देण्याची, दाखला जोडण्याची त्यास गरज भासत नाही.

वाचकांसही ती भासत नाही, कारण हा अनुभव घराघरांतला आहे. चाळीतील एका खोलीत थाटलेला संसार, महिनाअखेरची ओढाताण, १९७२ च्या दुष्काळात खाल्लेली तांबड्या मिलोची भाकरी, यांच्या गोष्टी सणावारी जेवणे आटोपल्यावर वडीलधारी मंडळी सांगू लागली, की ऐकणाऱ्या मुलांस वाटते, यांच्याइतके सुखात कोणी वाढलेच नसेल. भोगताना जे नकोसे झाले होते तेच आठवताना हवेसे वाटते. माणसाने आयुष्यभर जमविलेल्या ठेव्यात दागदागिन्यांहून अधिक जपून ठेवावे असे काही असेल, तर ते हेच भोगून झालेले दिवस होत.

असे असूनही एक प्रश्न उरतो. दुःखाचे हे जे सुख होते ते कोणाचे होते? त्या दिवसांतून गेलेल्या प्रत्येकाच्या वाट्यास ते येते काय? चाळीतील त्या खोलीची गोष्ट आजोबा रंगवून सांगत असतात, तेव्हा त्याच खोलीत दहा माणसांचा स्वयंपाक केलेली आजी गप्प बसून सुपारी कातरीत असते. तिच्याही मनात त्या दिवसांचे सुखच झाले आहे, असे आपण आजोबांच्या शब्दावर गृहीत धरतो. कालिदासाच्या श्लोकातही दोघांस मिळून एकच क्रियापद आहे. रामाचे आणि सीतेचे त्याने वेगळे विचारलेले नाही.

ते वेगळे विचारले भवभूतीने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कविपंचकात त्यास स्थान दिले, तेव्हापासून मराठी वाचकास तो मुख्यतः करुणरसाचा स्वामी म्हणून परिचित आहे, आणि ती कीर्ती रास्तच आहे. परंतु माणूस आपल्या गत आयुष्याकडे कसा पाहतो, काय पाहतो, आणि काय पाहण्याचे टाळतो, याचा एवढा सूक्ष्म जाणता आपल्या जुन्या वाङ्मयात दुसरा सहसा सापडणार नाही. कालिदासाने ज्या प्रसंगास एक श्लोक दिला त्यास ‘उत्तररामचरिता’त पहिल्या अंकाचा मोठा भाग मिळाला आहे, आणि प्रसंग तोच असला तरी निघालेला निष्कर्ष मात्र निराळा आहे.

अंकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. घर रिकामे झालेले आहे. वडील मंडळी ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या सत्रास गेलेली, जनक नुकताच मिथिलेस परतलेला; सीतेस दिवस गेलेले, आणि वडिलांच्या वियोगाने ती खिन्न. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण चित्रे पाहावयास बोलावितो. त्याने सांगितल्याप्रमाणे चित्रकाराने रामाचे चरित्र रंगविले आहे. ते कोठपर्यंत आले आहे, असे राम विचारतो. सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत, असे उत्तर मिळते. राम तत्क्षणी अस्वस्थ होतो. जी जन्मतःच पवित्र तिला शुद्धीची गरज ती कोणती, असे म्हणून तो तिची समजूत घालू लागतो.

या एका उत्तरात भवभूतीने केवढे मर्म साठविले आहे! चित्रे सीतेच्या करमणुकीकरिता आणलेली आहेत. परंतु ती कोठून सुरू व्हावीत आणि कोठे संपावीत, हे तिला कोणी विचारलेले नाही. कथा रामाची, सांगणारा लक्ष्मण, रंगविणारा चित्रकार. तिच्या आयुष्यातील सर्वांत अपमानाचा क्षण त्यांनी शेवटचे चित्र म्हणून निवडला, आणि त्यात वावगे काही असल्याचे लक्ष्मणासारख्या भक्त दिरासही सुचले नाही. त्याच्या लेखी तो विजयाचा क्षण आहे. चित्रात जी ज्वाळांपुढे उभी आहे तिच्या लेखी तो काय आहे, हा प्रश्न चित्रशाळेच्या योजनेतच नाही.

पुढे चित्रे एकेक पुढे येऊ लागतात, आणि तिघे जण तीन तऱ्हांनी ती पाहतात. मिथिलेतील विवाहाचे चित्र येते. लक्ष्मण सीतेस दाखवितो, मांडवीस दाखवितो, श्रुतकीर्तीस दाखवितो. मग सीताच हसून बोट ठेविते, आणि ही आणखी एक कोण, असे विचारते. ती असते ऊर्मिला. लक्ष्मण लाजतो आणि लगबगीने परशुरामाच्या चित्राकडे वळतो. वरवर हा दीरभावजयीतला विनोद आहे. पण साऱ्या अंकात, गाळलेल्या माणसास चित्रात शोधून काढते ती सीताच, हे विसरता कामा नये. परशुरामाच्या चित्रापुढे लक्ष्मण भावाच्या पराक्रमाचे वर्णन करू लागतो, तोच राम त्यास अडवितो. अजून पुष्कळ पाहावयाचे आहे, दुसरे दाखव, म्हणतो. ही विनयाने केलेली गाळणी होय. थोड्याच वेळाने मंथरेचे चित्र येते. लक्ष्मण नाव उच्चारतो, पण राम उत्तर न देता घाईने पुढच्या चित्राकडे, शृंगवेरपुरच्या त्या इंगुदीच्या झाडाकडे, वळतो. मधल्या आईचा प्रसंग आर्यांनी वगळला, हे लक्ष्मणाच्या मनात येतेच. कैकेयीची निंदा नको म्हणून केलेली ही गाळणी उदात्त आहे, यात शंका नाही. तरीही ती गाळणीच आहे. ज्या कारणाने चौदा वर्षे वनात गेली ते कारणच आठवणीतून उचलले जाते, आणि वनवास आपोआप एका रमणीय प्रवासाचे रूप घेऊ लागतो. भोगलेल्या दुःखाचे सुख कसे तयार होते त्याची कृतीच येथे उलगडून दाखविली आहे. आठवणारा माणूस खोटे बोलत नाही. तो फक्त एका चित्रापुढून जरा लवकर निघतो.

भवभूती अशा सुखाचा वैरी मात्र नव्हे. वडील हयात होते, लग्न नवे होते, आया काळजी वाहत होत्या, ते अयोध्येचे दिवस रामास आठवतात, आणि ते आता गेले एवढेच तो म्हणतो. त्या उद्गारात एवढी हुरहुर भरली आहे, की आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी तो संस्कृत न शिकताही पाठ केला. प्रस्रवण पर्वतावरील रात्रींची आठवण त्याहून गोड आहे. गालास गाल लावून दोघांनी वाटेल ते, क्रम नसलेले, हळूहळू बोलत राहावे, आणि बोलणे संपण्याआधी रात्रच संपून जावी! येथे कालिदासाचा सिद्धांत लागू करण्याचे कारणच पडत नाही. ते सुख भोगतानाही सुखच होते. आठवणीने त्यास सुखरूप केलेले नाही. वनवासात खरोखर सुख होते, आणि खरोखर दुःखही होते. भवभूती या दोहोंची सरमिसळ होऊ देत नाही.

म्हणूनच पंचवटीच्या चित्रापाशी येताच सारा नूर पालटतो. शूर्पणखा दिसते आणि सीता भयाने ओरडते. नाथ, तुमचे दर्शन आता इथवरच, अशा अर्थाचे शब्द तिच्या तोंडून निघतात. राम धीर देतो, की वियोगास भिणारे, हे तर चित्र आहे. धीर खरा आहे, पण तो चित्राबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. जी पळविली गेली तिच्यापुढे ते चित्र नाही, ती घटना आहे. आणि नवल असे, की जनस्थानाचे चित्र येताच रामाचीही तीच गत होते. लक्ष्मण सुवर्णमृगाची आणि त्यानंतरच्या विलापाची कथा सांगू लागतो आणि रामाचे डोळे वाहू लागतात. त्याचे जे कारण राम देतो ते या अंकाचा कळस होय. तो म्हणतो, त्या वेळचे दुःख अत्यंत तीव्र होते, तरी प्रतिकाराच्या इच्छेने ते सोसले गेले. आज तेच मनात पुन्हा पिकू लागले म्हणजे काळजाच्या वर्मावरील व्रणासारखे ठणकते.

कालिदासाच्या श्लोकास याहून सरळ उत्तर कोणते असू शकेल? दुःख भोगताना माणसास काही करावयाचे असते. शोध घ्यावयाचा असतो, सेतू बांधावयाचा असतो, शत्रू मारावयाचा असतो. या करण्याच्या भरात दुःखाची धार बोथट होते. पुढे सुखाचे दिवस येतात, हात रिकामे होतात, आणि रिकाम्या हातांनी आठवीत बसलेल्या माणसावर ते जुने दुःख पूर्ण बळानिशी चालून येते. संकटाच्या काळात घर खंबीरपणे सावरणारी बाई सारे स्थिरस्थावर झाल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी, एखाद्या क्षुल्लक निमित्ताने रडू लागते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तिची समजूत घालावयास आपण म्हणतो, आता तर सारे संपले. ती रडते ती सारे संपले म्हणूनच.

अंकाचा शेवट याहून भयंकर आहे. चित्रे पाहता पाहता सीतेस इच्छा होते, की ती शांत अरण्ये पुन्हा पाहावीत, भागीरथीत पुन्हा स्नान करावे. राम आनंदाने लक्ष्मणास रथ जोडावयास सांगतो. दमलेली सीता त्याच्या हातावर डोके ठेवून झोपी जाते, आणि तेवढ्यात दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो. सहलीकरिता सांगितलेला रथच त्यागाचा रथ होतो. सीतेची वनाची इच्छा रघुवंशातही आहे. परंतु ती इच्छा चित्रदर्शनातून उपजली असे दाखविणे, ही भवभूतीची योजना होय. तिने आपल्या गोड आठवणीवर विश्वास ठेवला, आणि ती आठवण तिच्याविरुद्ध वापरली गेली. जे शेवटचे चित्र रामाने तिची समजूत घालून मागे टाकले होते, त्या अग्निशुद्धीच्याच गोष्टीवर नगरजनांचा विश्वास बसलेला नव्हता. ज्या चित्रापुढून आपण लवकर निघतो, ते आपल्या मागोमाग दाराशी येते.

दोन महाकवींपैकी खरा कोण, असा येथे प्रश्न येतो. आम्हांस वाटते, तो तसा विचारण्यात अर्थ नाही. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. पण दोघांच्याही चित्रशाळेत एक उणीव समान आहे. सीता तेथे प्रेक्षक आहे. ती भिते, हसते, विचारते, इच्छा करिते. परंतु कुंचला तिच्या हाती नाही. भोगून झालेले आयुष्य पुन्हा पाहताना त्याचे सुख व्हावे की व्रण व्हावा, हे बहुतांशी त्यावर अवलंबून असते, की चित्रे कोणी काढली आहेत. आपल्या दुःखाचे चित्र दुसऱ्याने काढले, तर ते कितीही प्रेमाने काढलेले असो, त्यापुढे आपण पुन्हा एकदा असहाय होतो. तेच स्वतः काढावयाचे झाले, तर कोठे सुरुवात करावी, कोणती रेघ जाड असावी, कोठे थांबावे, याचा निर्णय आपला होतो. आणि मूळ प्रसंगी जो अधिकार आपणांस मुळीच नव्हता तो या वेळी प्रथमच मिळतो.

नैयायिक स्मृतीस प्रमा मानीत नाहीत. पूर्वी कळलेलेच ती पुन्हा कळविते, नवे काही देत नाही, असे त्यांचे म्हणणे. शास्त्रापुरते ते ठीक असेल. वाङ्मयात मात्र उलट प्रत्यय येतो. ज्याने भोगले त्यानेच जेव्हा लिहिले, तेव्हा भोगतेवेळी जे कळले नव्हते ते लिहिताना कळले, याची उदाहरणे पुष्कळ देता येतील. गटेने आपल्या आत्मचरित्रास ‘काव्य आणि सत्य’ असे नाव दिले, आणि रवींद्रनाथांनी १९१२ च्या ‘जीवनस्मृती’च्या आरंभी स्मृतीस इतिहासकार न म्हणता चित्रकार म्हटले, ते याच जाणिवेने. पण आम्हांस उदाहरणाकरिता इतके दूर जाण्याचे कारण नाही. भवभूती आपले कूळ विदर्भातील पद्मपुरचे सांगतो, आणि ज्या गोदातीरी त्याने सीतेस आठवणींच्या ज्वाळेत उभी केली, त्याच तीरी पुढे मराठी सीतेने कुंचला स्वतःच्या हाती घेतला.

१९१० मध्ये रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाले. न्यायमूर्तींचे निधन १६ जानेवारी १९०१ रोजी झाले. पुस्तकही त्यांच्या मृत्यूपाशीच संपते. नावातील ‘आमच्या’ हा शब्द आदरार्थी नसून अक्षरशः घ्यावयाचा आहे. जे दोघांचे तेवढेच रमाबाईंनी आठवणीत धरले. १९०९ मध्ये पुण्यास सेवासदनाचे काम उभे राहिले होते, लेखिका स्वतः सार्वजनिक जीवनात मोठ्या अधिकाराने वावरत होत्या. परंतु त्या स्वतंत्र कर्तृत्वास या चित्रशाळेत भिंत मिळालेली नाही. पतीचे नाव न घेता त्या त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करितात. जुन्या घरांतील ही रीतच होती. तरी आत्मचरित्राच्या पानांवर ‘स्वतः’ या शब्दाचा अर्थ लिहिणारी नव्हे तर तिचा पती असा व्हावा, यात त्या पुस्तकाचा सारा स्वभाव उतरला आहे. १९३८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा भाषांतरकर्त्रीने हा शब्दच ग्रंथाचे शीर्षक म्हणून उचलला, ही मोठी मार्मिक निवड होय.

या पुस्तकाकडे आज पाहणारा वाचक चटकन म्हणेल, की ही तर रामाने सांगितलेली कथाच सीतेने लिहून काढली. तसे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावयास हवे. १८७३ च्या विवाहाची हकीकत घ्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा एकतीस वर्षांचा विधुर पुरुष वडिलांच्या हट्टापुढे नमून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न करितो. स्नेही दूषण देतात, टीकाकार हसतात. पित्याची बाजू आणि पुत्राची कोंडी या दोन्ही गोष्टी रमाबाई मोठ्या समतोलाने मांडतात. ज्या मुलीमुळे हा सारा कलह उभा राहिला, जिची निवड सुधारकांस पराभव वाटली, तिला पुढे हे समजले तेव्हा काय वाटले असेल, याबद्दल मात्र त्या फारसे बोलत नाहीत. मंथरेच्या चित्रापुढून राम लवकर निघाला. रमाबाई आपल्या स्वतःच्या चित्रापुढून लवकर निघतात. हीही उदात्त गाळणी, आणि हीही गाळणीच.

परंतु दुसऱ्या बाजूस हेही पाहावे, की घरातील बायकांनी त्यांच्या शिक्षणापायी चालविलेला छळ त्यांनी मवाळ केलेला नाही. लिहावयास-वाचावयास शिकणारी सून आणि तिच्याभोवतीचे ते अबोले, ते टोमणे, ते शिवाशिवीचे बंध, हे सर्व ठसठशीत उतरले आहे. या दुःखांचे त्यांनी सुख केले नाही. पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहावरून उठलेल्या गदारोळानंतर न्यायमूर्तींनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले; ते आपणांस रुचले नव्हते, हेही त्या लपवीत नाहीत. ज्या पुरुषास त्यांनी देवघरात बसविले त्याच्याविषयीचा मतभेद त्यांनी छापील पानावर नोंदविला. भक्तीच्या चौकटीत ही एक रेघ वेगळी आहे, आणि ती ओढण्यास जे धैर्य लागले असेल ते आपल्या आजच्या मोकळ्या आत्मकथनांच्या मापाने मोजता येणार नाही. कुंचला हाती आला की माणूस एकदम स्वतःचे चित्र काढू लागत नाही. आधी तो ज्यांनी आपणांस रंग दिले त्यांचे चित्र काढतो. रमाबाईंनी ते काढले, आणि कोपऱ्यात आपली सही केली.

नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. नावापासूनच हा ग्रंथ आपल्या विषयाशी जुळतो; गुणांनी तर तो भवभूतीच्या अंकाशेजारी ठेवावयाच्या योग्यतेचा आहे. आरंभच भयानक आहे. आईच्या वडिलांस १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने लेखिकेच्या वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावयाची; मीठसाखरही त्यातून सुटावयाची नाही! त्या घरातील मुलांचे बालपण काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. पण लक्ष्मीबाई ते सांगतात तेव्हा वाचक हसत सुटतो. आणि हसता हसता एकाएकी त्याच्या लक्षात येते, की आपण एका वेड्या घराची, भेदरलेल्या लेकरांची कथा ऐकीत आहो.

हा विनोद म्हणजे कालिदासाचेच सूत्र, असे कोणास वाटेल. दुःख होते, आता त्याचे सुख झाले. आम्हांस तसे वाटत नाही. सुखरूप झालेल्या आठवणीत दुःखाचा काटा मोडलेला असतो. येथे तो शाबूत आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद दुःखावर पांघरूण घालीत नाही. दुःख त्यामुळे इतके जवळ आणता येते की एरवी ते पाहवले नसते. नारायण वामन टिळकांसारख्या उदार, तापट, क्षणात घर विसरणाऱ्या कवीशी त्यांनी संसार केला. त्यांच्या हाती आलेला पैसा घरापर्यंत पोचेलच, असा भरवसा नसे. हे सर्व त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत आणि कौतुकाच्याही सुरात सांगत नाहीत. नवऱ्याची फजिती आणि स्वतःची फजिती त्या एकाच तराजूत तोलतात. रमाबाईंच्या पानांत पती नेहमी किंचित उंचावर उभा असतो. लक्ष्मीबाईंच्या पानांत तो त्याच जमिनीवर, समोरासमोर, भांडतो आणि रडतो.

या ग्रंथाची खरी कसोटी १८९५ हे साल आहे. १० फेब्रुवारी रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नीवर आकाश कोसळले. लहान मूल पदरात, नवरा जिवंत असून धर्माने मेलेला; माहेरची माणसे सावरणारी, आणि त्या सावरण्यातही समाजाचा धाक. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी बाई ही अनेक वर्षे श्रद्धेने ख्रिस्ती जीवन जगलेली, पतीचे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेणारी बाई आहे. तिच्या दृष्टीने १८९५ ची घटना ईश्वरी कृपा ठरलेली होती. दुःखाचे सुख झालेले होते, आणि ते साधेसुधे नव्हे, श्रद्धेच्या शिक्क्याचे सुख. त्या प्रसंगाकडे मागे वळून पाहताना आरंभापासूनच त्यावर तो मागाहून लाभलेला प्रकाश टाकणे किती सोपे होते! आणि धर्मांतराच्या कथा सांगणाऱ्यांचा तो नित्याचा मार्गही आहे. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. नवऱ्यास हिरावून नेणाऱ्या धर्माविषयी त्या वेळच्या ब्राह्मण बायकोस जो तिटकारा, जी भीती, जो वेडापिसा आक्रोश वाटला, तो सर्व त्यांनी तसाच, एकही रंग न बदलता, ठेवला. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्या बाईस माहीत आहे. चित्रातील बाईस ती ते कळू देत नाही.

आमच्या मते आठवणीच्या प्रामाणिकपणाची याहून कठीण परीक्षा नाही. नंतरच्या शहाणपणाने पूर्वीच्या अज्ञानास दुरुस्त करण्याचा मोह आवरणे, हे सत्य बोलण्याहून अवघड असते. अग्निशुद्धीच्या चित्रास लक्ष्मण विजयाचे चित्र समजला, कारण शेवट त्यास ठाऊक होता. लक्ष्मीबाईंनी आपल्या अग्निशुद्धीचे चित्र काढताना ज्वाळांची धग राखली. म्हणून त्यांचे पुढील समाधान आपणांस पटते. ज्याने दुःखाची किंमत कमी सांगितली नाही, त्याच्या सुखावर विश्वास ठेवावयास आपण तयार होतो.

या दोन ग्रंथांच्या मागेपुढे आणखीही चित्रशाळा मराठीत उघडल्या. पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची, आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. या दोघी सख्ख्या बहिणी. दोघींसही वैधव्य आले. एकीने आयुष्य हिंगण्याच्या आश्रमास वाहिले. दुसरीने १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह करून बहिष्कार सोसला. एकाच घरातील दोन मुलींनी आपापले चित्र काढावे आणि ती दोन्ही इतकी निराळी यावीत, यावरूनच दिसते की चित्र घटनेवर कमी आणि काढणाऱ्या हातावर अधिक अवलंबून असते. त्यांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. येथे एवढेच नमूद करावयाचे, की स्मरणाचे मराठी वाङ्मय स्त्रियांच्या हातून इतके सकस झाले, याचे कारण त्यांस लेखनकलेचे शिक्षण अधिक होते हे खचितच नव्हे. दीर्घकाळ दुसऱ्यांनी काढलेल्या आपल्या चित्रापुढे उभे राहिल्यामुळे त्या चित्रात काय गाळले गेले हे त्यांस नेमके ठाऊक होते. ऊर्मिलेवर बोट ठेवणारी दृष्टी त्यांच्यापाशी आधीपासूनच होती.

ज्या घरांतून हे मासिक वाचले जाते त्या घरांतही चित्रशाळा भरलेल्या आहेत. आठवणींचे समारंभ होतात, पंचाहत्तरीचे गौरवग्रंथ निघतात, नातवंडे आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवितात. हे सर्व इष्ट आहे. भोगलेल्या आयुष्याचा ठेवा पुढील पिढीच्या हाती न पडता जळून जावा, याहून मोठे नुकसान नाही. परंतु हा ठेवा घेताना श्रोत्याने थोडा सीतेचा गुण अंगी आणावा. एखाद्या चित्रापुढून सांगणारा घाईने निघाला, तर त्यास अडवू नये, पण ते चित्र लक्षात ठेवावे. आणि ज्या माणसाविषयी गोष्ट चालली आहे ते माणूस त्याच खोलीत गप्प बसलेले असेल, तर कधी तरी, मंडळी उठून गेल्यावर, त्याच्याजवळ बसून विचारावे, की ते दिवस तुम्हांस कसे गेले. उत्तर गोडच येईल असे नाही. कदाचित सुपारी कातरण्याचा आवाज तेवढा थांबेल आणि आजी म्हणेल, आता काय त्याचे. आणि मग सांगू लागेल.